नेपथ्यातील सुख : समारंभीय वेषभूषेच्या तीन कथाप्रसंगांचा विचार

‘नेपथ्य’ ह्या शब्दाने मराठीत आज बहुधा रंगमंचाची सजावट किंवा पडद्यामागची जागा सूचित होते. संस्कृतात मात्र त्याचा एक अर्थ वेष असाही आहे. अमरकोशात तो वेष, प्रतिकर्म, प्रसाधन ह्या शब्दांच्या पंक्तीस बसलेला आढळतो. वेष आणि वेष चढविण्याची जागा ह्या दोहोंना एकच नाव असावे, ही गोष्ट कोशकाराला किरकोळ वाटेल. वाङ्मयाच्या अभ्यासकाला ती तशी वाटू नये. समारंभासाठी नटण्यात जे सुख असते व त्यातून जो आत्मविश्वास लाभतो, त्याचा उगम समारंभाच्या दिवाणखान्यात होतो की जेथे नटणे चालते त्या खोलीत होतो, हा प्रश्न त्या एका शब्दातच दडलेला आहे. पाश्चात्त्य कथावाङ्मयातील तीन सुप्रसिद्ध प्रसंग ह्या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचले, तर त्यांवर सहसा लादला जाणारा नैतिक अर्थ बराच ढिला पडतो.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर कालिदासाने ‘कुमारसंभवा’च्या सातव्या सर्गात देऊन ठेवले आहे. विवाहासाठी सजलेली पार्वती आरशात स्वतःला पाहते आणि शंकराकडे जाण्याची तिला घाई होते. स्त्रियांच्या वेषाचे फळ म्हणजे प्रियकराने तो पाहणे, असे कवी त्यावर भाष्य करतो. हे भाष्य सुभाषितासारखे प्रसिद्ध आहे, आणि सुभाषितांचे होते तसेच त्याचे झाले आहे : त्याने आजूबाजूच्या श्लोकांना झाकून टाकले. कारण त्याच सर्गात थोडे आधी सखी पार्वतीचे पाय अळित्याने रंगविते, ह्या पायाने पतीच्या मस्तकावरील चंद्रकलेला स्पर्श कर अशी थट्टा करते, आणि पार्वती एक शब्दही न बोलता हातातल्या माळेने तिला मारते. थोडे पुढे मेनेचे डोळे पाण्याने इतके भरून येतात की मंगलसूचक लोकरीचे सूत्र ती लेकीच्या हातावर भलत्याच जागी बांधते, आणि दाई ते बोटांनी सरकवून जागेवर आणते. माळेचा तो फटका आणि दाईची ती बोटे ह्यांना प्रियकराच्या दृष्टीची काहीच गरज नाही. कालिदासाचे सूत्र एक सांगते आणि त्याचे चित्रण दुसरेच दाखविते. अशा वेळी समीक्षकाने चित्रणावर विश्वास ठेवणे अधिक सुरक्षित.

सूत्राच्या बाजूने उभी राहणारी आधुनिक कथा म्हणून मोपासाँच्या ‘हार’ ह्या कथेकडे बोट दाखविले जाते. 1884 साली प्रसिद्ध झालेली ही कथा जगभरच्या पाठ्यपुस्तकांतून इतकी शिकविली गेली आहे की तिचा सारांश देण्याचे कारण नाही. कारकुनाची बायको मातिल्द लुआझेल. शिक्षणमंत्र्यांकडील समारंभाचे आमंत्रण. नवऱ्याने बंदुकीसाठी साठविलेले 400 फ्रँक पोशाखात जातात. मैत्रिणीकडून मागून आणलेला हिऱ्यांचा हार हरवतो. 36,000 फ्रँकचा हार घेऊन तो परत केला जातो, दहा वर्षे कर्ज फेडण्यात जातात, आणि मूळ हार खोटा, फार तर 500 फ्रँकचा असल्याचे शेवटी कळते. वर्गात ह्यातून हौसेला मोल पडते हा बोध काढला जातो. कथा त्या बोधाला आडकाठी करीत नाही हे खरे; पण ती काय गाळते हे पाहण्याजोगे आहे. पोशाख तयार झाल्याचे मोपासाँ एका वाक्यात उरकतो. तो कोणी शिवला, कोणी नेसविला, केस कोणी बांधले, समारंभाच्या संध्याकाळी त्या घरात काय गडबड उडाली, ह्याविषयी कथेत अवाक्षर नाही. मैत्रिणीच्या घरी आरशापुढे दागिने लावून पाहण्याचा प्रसंग तेवढा येतो. पण तेथेही हार हाती पडताच मातिल्द मैत्रिणीच्या गळ्यात पडते आणि ठेवा घेऊन जवळजवळ पळ काढते. मोपासाँने नेपथ्यच काढून टाकले आहे. उरतो तो केवळ विजय, म्हणजे मंत्र्यांच्या घरातील रात्र. आणि विजयाला पराभव शोधून आणणे कथाकाराला कधीच जड जात नाही. पहाटे चारच्या सुमारास नवरा तिच्या खांद्यांवर घरगुती साधी वस्त्रे टाकतो, तेव्हा फरची वस्त्रे पांघरणाऱ्या इतर स्त्रियांनी ती पाहू नयेत म्हणून ती पुन्हा पळ काढते. ह्या कथेत नटण्याशी पळण्याची अशी जोडी दोनदा लागली आहे. तरीही दहा वर्षांच्या कष्टांनंतर खिडकीशी बसून ती त्या रात्रीची आठवण काढते, हे मोपासाँला लिहावे लागले. शिक्षा त्याने पूर्ण केली. सुख मात्र त्याला परत घेता आले नाही.

व्हर्जिनिया वुल्फची ‘नवा पोशाख’ ही 1927 मधील कथा ह्याच गोष्टीची दुसरी बाजू पुढे मांडते. तीत काहीही हरवत नाही, कर्ज होत नाही. मिसेस डॅलोवेच्या घरच्या मेळाव्यासाठी मॅबल वेअरिंग नवा पोशाख शिवून घेते. चालू फॅशन परवडत नाही, तेव्हा निराळेपणा तरी साधावा म्हणून ती आईच्या जुन्या पॅरिसच्या फॅशनच्या पुस्तकातून एक नमुना निवडते आणि फिकट पिवळे रेशीम घेते. दिवाणखान्यात पाऊल टाकण्याआधीच, अंगरखा उतरवून घेणारी बाई तिच्यापुढे आरसा करते, आणि पोशाख चुकला आहे अशी शंका तिच्या मनात शिरते. मग सबंध कथाभर ती बशीच्या काठावर चढू पाहणाऱ्या ओल्या माशीसारखी स्वतःला दिसत राहते. हिरव्या पोशाखातील एक परिचित स्त्री तिच्या पोशाखाची तोंडभर स्तुती करते, आणि त्या स्तुतीतला उपरोध मॅबलला सुईसारखा टोचतो.

परंतु ह्याच पोशाखात हीच स्त्री काही दिवसांपूर्वी अपूर्व सुखाने भरून गेली होती. शिवणकाम करणाऱ्या मिस मिलनच्या लहानशा कोंदट खोलीत, कपड्यांच्या आणि शिजणाऱ्या कोबीच्या वासात, तिच्या हाती आरसा आला होता आणि त्यात तिला एक सुंदर, गूढ हसणारी मुलगी दिसली होती. जिचे स्वप्न तिने आजवर पाहिले, तीच जणू प्रथम अस्तित्वात आली होती. त्या क्षणी मिस मिलन तोंडात टाचण्या धरून, लालबुंद चेहऱ्याने, जमिनीवर रांगत पोशाखाची लांबी ठरवीत होती, आणि मॅबलला तिच्याविषयी इतके प्रेम वाटले की डोळ्यांत पाणी आले. दिवाणखान्यात आल्यावर मॅबल निकाल देते : हा दिवाणखाना खरा, येथली मी खरी, ती खोली आणि ती मुलगी खोटी. कथेचे सर्वसाधारण वाचन हा निकाल जसाच्या तसा स्वीकारते आणि मॅबलला आत्मवंचनेतून जागी झालेली स्त्री ठरविते. हे वाचन उतावळे आहे. निकाल मॅबलचा आहे, वुल्फचा नाही. लेखिकेने दोन आरसे समोरासमोर ठेवले आहेत, आणि कोंदट खोलीतल्या आरशाजवळच ममता, कीव, पिंजऱ्यातील पक्ष्याला चारा भरविण्याचे कौतुक असे जिवंत मनुष्यसंबंध मांडले आहेत. दिवाणखान्यातल्या आरशाजवळ मॅबलला स्वतःखेरीज कोणीही दिसत नाही. खोटा आरसा कोणता हे ठरविताना ह्या फरकाला काही वजन द्यावे लागेल. कथेच्या अखेरीस मॅबल मजा आल्याचे यजमानांना सांगते, आपण खोटे बोललो हे मनाशी म्हणते, आणि वीस वर्षे वापरलेला चिनी झगा स्वतःभोवती गुंडाळून घेते. मातिल्दच्या खांद्यांवरील घरगुती वस्त्रे येथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

ह्या दोघींच्या तुलनेत नताशा रोस्तोव्हाचे प्रकरण अगदी वेगळे आहे, आणि त्याचे वेगळेपण टॉलस्टॉयने कोणत्या पानांवर खर्च केले आहे हेच प्रथम ध्यानी घ्यावे. ‘युद्ध आणि शांती’ (1865–1869) ह्या कादंबरीत 1809 च्या अखेरच्या रात्री पीटर्सबर्गमधील एका सरदाराच्या घरी नृत्यसमारंभ आहे. सम्राट येणार आहे. सोळा वर्षांच्या नताशाचा हा पहिलाच मोठा समारंभ. टॉलस्टॉय तिला थेट तेथे नेऊन सोडीत नाही. एक सबंध प्रकरण तो घरातल्या तयारीला देतो. नताशा सकाळी आठपासून उठून बसली आहे, पण तिची सारी शक्ती केवळ स्वतःसाठी नाही : स्वतः, आई आणि सोन्या अशा तिघींचा पोशाख उत्तम व्हावा हा तिचा ध्यास आहे, आणि इतर दोघींनी स्वतःला तिच्या हाती सोपविले आहे. मुलींसाठी गुलाबी रेशमी अस्तरावर पांढरे विरविरीत वस्त्र, आईसाठी गडद तांबड्या मखमलीचा पोशाख. सर्वांना मदत करता करता तीच मागे पडते. सोन्या फीत टोचते ती नताशाला पसंत पडत नाही, आणि दासीच्या हातात केस असतानाच ती वळून तिला शिकवू लागते. तिच्या झग्याचा घेर लांब झाला आहे; दोन दासी दातांनी दोरा तोडीत तो आखूड करीत आहेत, तिसरी ओठांत आणि दातांत टाचण्या धरून काऊंटेसकडून सोन्याकडे धावते आहे, चौथी तो सारा तलम पोशाख हात उंच करून सांभाळते आहे. आईची टोपी तिरपी हवी म्हणून नताशा झेप घेते, दासींना तिच्याबरोबर हलता येत नाही आणि वस्त्राचा एक तुकडा फाटतो. आपल्याकडील लग्नघरातले माजघर ज्याने पाहिले असेल, एक आरसा आणि नेसणाऱ्या दहाजणी, एकीच्या निऱ्या दुसरीच्या हातात आणि तिसरी पिन शोधीत फिरते आहे, त्याला ह्या प्रकरणात रशियन असे फार थोडे आढळेल.

ह्या गडबडीचे फळ पुढच्या प्रकरणात दिसते. दिवसभर नताशाला स्वतःचा विचार करण्यास क्षणही मिळालेला नाही. गाडीच्या अंधारात तो प्रथमच सुचतो. समारंभाला शोभेल असा भारदस्त आविर्भाव धारण करावा असे जिन्यावर तिला आठवते. पण सुदैवाने तिच्या डोळ्यांपुढे सारे फिरते आहे, आविर्भाव साधत नाही, आणि तो न साधणे हेच तिला सर्वांत शोभून दिसते. जिन्यावरील आरशांत तिला स्वतःचे प्रतिबिंब वेगळे ओळखू येत नाही. सगळ्याजणी एका झगमगत्या मिरवणुकीत मिसळून गेल्या आहेत. पार्वतीच्या, मातिल्दच्या, मॅबलच्या आरशात एकच स्त्री आहे. नताशाच्या आरशात अनेक आहेत, आणि त्यांत ती स्वतःला शोधीतही नाही.

तथापि येथे एक शंका उपस्थित होते आणि ती टाळून चालणार नाही. नृत्य सुरू होते आणि नताशाला कोणी विचारीत नाही. ती भिंतीशी उभी राहते, रडू येण्याच्या बेतात येते. मग घरातून आणलेल्या आत्मविश्वासाचे काय झाले? कालिदासाचे सूत्र येथे पुन्हा डोके वर काढते : पाहणारा नसेल तर वेष विफल. परंतु तिच्या मनात त्या वेळी नेमके काय चालले आहे ते टॉलस्टॉयने स्पष्ट लिहिले आहे. आपण कशा दिसतो हा प्रश्न तिला पडतच नाही, पोशाखाविषयी तिला क्षणभरही शंका येत नाही. आपल्याला नाचण्याची किती इच्छा आहे, आपण किती छान नाचतो, आपल्याबरोबर नाचताना ह्या लोकांना किती मजा येईल, हे त्यांना ठाऊक कसे नाही, ही तिची तक्रार आहे. मॅबल लोकांच्या नजरेतून काहीतरी मिळण्याची वाट पाहते. नताशाजवळ द्यायला काही आहे आणि घेणारा मिळत नाही म्हणून ती रडवेली होते. दोघींचे दुःख वरवर सारखे दिसले तरी जातीने भिन्न आहे. दुसऱ्या प्रकारच्या दुःखाला उपाय साधा असतो : पिएर सुचवितो, प्रिन्स आंद्रे पुढे येतो, आणि नृत्य सुरू होते.

एवढे मान्य केल्यावरही त्या टाचण्यांचा प्रश्न शिल्लक राहतो. पीटर्सबर्गच्या घरात आणि मिस मिलनच्या खोलीत तोंडात टाचण्या आहेत त्या नटणारीच्या नव्हेत. 1809 च्या रशियात रोस्तोव्ह घरातील दासी भूदास वर्गातल्या होत्या. ती पद्धत 1861 मध्ये रद्द झाली, म्हणजे टॉलस्टॉय ही पाने लिहीत होता तेव्हा त्या गोष्टीला थोडीच वर्षे लोटली होती. फाटलेल्या वस्त्राबद्दल ‘माझी चूक नव्हे’ अशा अर्थाचे शब्द दासीच्या तोंडून लगेच निघतात, त्यात भीती किती आणि सवय किती हे टॉलस्टॉय सांगत नाही. नेपथ्यातले सुख वाटून घेतलेले असते, पण ते समान वाटलेले नसते. वुल्फला हे अधिक स्पष्ट दिसले. मॅबलच्या डोळ्यांत मिस मिलनसाठी आलेले पाणी हा तिच्या कथेतील सर्वांत प्रामाणिक क्षण; पण मिस मिलनला त्या मेळाव्याचे आमंत्रण नाही, आणि तिला ते असावे असे मॅबलच्याही मनात येत नाही.

त्याच रात्री टॉलस्टॉयने आणखी एका घरात डोकावून पाहिले आहे. रोस्तोव्ह मंडळींना वाटेत तॉरिदा बागेजवळ राहणाऱ्या पेरोन्स्काया बाईंना बरोबर घ्यायचे असते. ह्या बाई वृद्ध आहेत, राजमातेच्या दरबारातील आहेत, आणि रूपाचा प्रश्न त्यांच्या बाबतीत केव्हाच मागे पडला आहे. कोणी प्रिय व्यक्ती त्यांना पाहण्यासाठी समारंभात उभी नाही. तरीही, टॉलस्टॉय सांगतो, त्यांच्या घरी जे चालले होते ते रोस्तोव्हांकडे चालले होते तेच, फक्त घाई जरा कमी. ते वृद्ध शरीरही तितक्याच काळजीने धुतले होते, सुगंधी द्रव्ये लावली होती, कानांच्या मागे सुद्धा स्वच्छ केले होते. पिवळ्या पोशाखावर दरबारी चिन्ह लावून बाई दिवाणखान्यात आल्या, तेव्हा त्यांची म्हातारी दासी तितक्याच कौतुकाने त्यांच्याकडे पाहत राहिली. बाईंनी रोस्तोव्हांच्या पोशाखांची वाखाणणी केली, रोस्तोव्हांनी बाईंच्या. मग केस आणि झगे सांभाळीत सगळी मंडळी गाड्यांत चढली. अकरा वाजले होते.