रूझवेल्टांची आफ्रिकन सफर

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘सफर’ शब्दाचाच सोयरा; परंतु थिओडोर रूझवेल्ट यांच्या ‘आफ्रिकन गेम ट्रेल्स’ या 1910 च्या ग्रंथांत त्याला बंदुकीच्या दारूचा वास येतो. अध्यक्षपदावरून उतरतांच 1909 सालीं ते मोंबासास पोहोंचले. पुढील वर्षीं खार्टूम येथें प्रवास संपला. बरोबर पुत्र कर्मिट, स्मिथसोनियन संस्थेसाठीं काम करणारे शास्त्रज्ञ, कनिंगहॅम व टार्लटन हे कसलेले वाटाडे शिकारी आणि सुमारें दोनशें हमाल.

ग्रंथकाराची दृष्टि तीक्ष्ण आहे. पशूंच्या संवयी व गवताळ पठारांचा विस्तार वर्णितांना निसर्गाभ्यासकाची सचोटी जाणवते. डुकराच्या कातड्यांत बांधलेल्या पुस्तकांची पेटी रानांतहि बरोबर असे, हें वाचून कोणाहि रसिकास हेवा वाटेल. मात्र ती पेटी हमालाच्या माथ्यावर होती, हें विसरतां कामा नये. या साहसाचें श्रेय एकट्याचें नव्हे.

बापलेकांनीं मारलेल्या 512 पशूंचा हिशेब ग्रंथकारानेंच दिला आहे. बहुतेक कातडीं संग्रहालयासाठीं होतीं, हें समर्थन त्या काळीं पटण्यासारखें होतें. परंतु त्या यादींत लाडो प्रदेशांतील नऊ पांढरे गेंडे आहेत. त्या उत्तरेकडील उपजातीचा अखेरचा नर 2018 सालीं केनियांत मरण पावला. हा नाश मुख्यतः पुढील चोरट्या शिकारीनें केला. त्याचा दोष या नऊ पशूंच्या शिकारीवर लादणें अन्यायाचें होईल. तथापि जतन करण्यासाठीं मारणें, हा विरोध ग्रंथकारास फारसा खुपत नाहीं, हेंच ग्रंथाचें उणें.

तरीहि वाचकांनीं तो अवश्य वाचावा. मात्र ती यादी वगळूं नये.