पांडवलेणीचे सहा गण: भार पेलणारे की उचलून नेणारे?

थंड देशांत बर्फ पडला की उद्यानातल्या शिल्पांचं रूप पालटतं. आपल्या नाशिकला ते काम पाऊस करतो. नेहरू वनोद्यानाच्या वरच्या अंगाला, त्रिरश्मी डोंगरावरच्या २४ लेण्यांपैकी क्रमांक ३ चं लेणं श्रावणात नक्की बघा.

या लेण्याच्या दर्शनी भागात, जोत्याखाली, सहा धिप्पाड गण आहेत. कमरेपर्यंत जमिनीत, खांद्यांवर दगडी तुळया. बहुतेक जण त्यांना ‘भार पेलणारे’ म्हणून पुढे जातात. पण भार कसला? लेणं बांधलेलं नाही, कोरलेलं आहे. डोंगर एकसंध आहे. गण काढून टाकले तरी वरचा व्हरांडा खाली येणार नाही. म्हणजे हा भार शिल्पकाराने मुद्दाम कल्पिलेला आहे. कशासाठी?

उत्तराचा धागा व्हरांड्यातल्या भिंतीवर आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षात गौतमी बलश्रीने हे लेणं भदायनीय भिक्षूंना दान दिलं. तो लेख आपण वाचतो तो तिच्या मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, पराक्रमासाठी. पण त्याच लेखात लेण्याची तुलना श्रेष्ठ विमानाशी केली आहे. विमान म्हणजे प्रासाद, आणि आकाशात फिरणारा देवांचा महालही. मग हे गण पाया नाहीत, भोई आहेत! पालखी खांद्यावर घेऊन उठताना भोई जसे दिसतील, तसे ते जमिनीतून वर येताहेत.

उन्हाळ्यात हे पटत नाही, कारण कातळ कोरडा आणि जड दिसतो. पावसात खालचा भाग भिजून काळा पडतो, समोर धुकं उतरतं, दरी दिसेनाशी होते आणि वरचा महाल अधांतरी वाटतो.

लेखात गणांचा उल्लेख नाही, त्यामुळे हा अर्थ सिद्ध झाला असं मी म्हणत नाही. पण शेजारच्या नहपानाच्या काळातल्या क्रमांक १० च्या लेण्याशी ताडून बघा. खांबांची धाटणी तिथलीच उचलली आहे. गण मात्र तिथे नाहीत. जिंकलेल्या राजाच्या नमुन्यात सातवाहनांच्या कारागिरांनी जी भर घातली, ती नेमकी हीच. आणि आपण लेख वाचायच्या घाईत तिच्याकडेच पाठ करून उभे राहतो.