बेंझोइक आम्लाचे साहचर्य : एका सोडविलेल्या उदाहरणाची चिकित्सा

एनसीईआरटीच्या बारावीच्या रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात, द्रावणांवरील प्रकरणात, रेणुसाहचर्याचे एक सोडविलेले उदाहरण आहे. 25 ग्रॅम बेंझिनमध्ये 2 ग्रॅम बेंझोइक आम्ल विरघळविल्यास गोठणबिंदू 1.62 केल्विनने उतरतो. बेंझिनचा मोलल अवनमन स्थिरांक 4.9 धरून मोलर वस्तुमान 241.98 मिळते, प्रत्यक्षात ते 122 आहे. यावरून व्हॅन्ट हॉफ गुणक 0.504 आणि साहचर्य 99.2 टक्के ठरते. नीट परीक्षेमुळे हे पुस्तक भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावातील विद्यार्थ्यालाही टाळता येत नाही. म्हणूनच या उत्तराची तपासणी अगत्याची ठरते.

उदाहरणामागील कल्पना निर्दोष आहे. बेंझोइक आम्लाचे दोन रेणू दोन हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन डायमर बनतो आणि बेंझिन स्वतः असे बंध जुळवीत नसल्याने तो त्यात टिकतो. हायड्रोजन बंधाची ही कल्पना लॅटिमर व रोडेबुश यांनी 1920 मध्ये मांडली. गोठणबिंदूतील घट कणांचे वजन करीत नाही, ती कण मोजते. त्यामुळे 'असामान्य मोलर वस्तुमान' ही रूढ संज्ञा काहीशी फसवी आहे. रेणूत असामान्य काहीच नसते. गृहीत धरलेली कणसंख्या तेवढी चुकलेली असते.

खरा दोष आकड्यांत आहे. याच प्रकरणातील कोष्टकात बेंझिनचा स्थिरांक 5.12 दिला असून दुसऱ्या एका उदाहरणात तोच वापरलाही आहे. तो येथे घातला की मोलर वस्तुमान 252.8 होते आणि साहचर्य 103 टक्क्यांवर जाते! शंभरपैकी एकशेतीन रेणूंनी जोड्या जुळविल्याचे हे उत्तर निरर्थक आहे. 4.9 हा स्थिरांक मान्य केला तरी अडचण सुटत नाही. सर्वच रेणू डायमर झाले असते तर घट 1.607 केल्विन आली असती. म्हणजे सुट्या राहिलेल्या 0.8 टक्के रेणूंचा सारा पुरावा सुमारे 0.013 केल्विनच्या फरकात आहे आणि वाचन मात्र 0.01 केल्विनपर्यंतच दिलेले आहे. वाचन 1.64 असते तर साहचर्य 97.9 टक्के आले असते आणि त्यावरून काढलेला समतोल स्थिरांक सातपटीने घसरला असता. शिवाय द्रावणाची मोललता सुमारे 0.66 आहे, तर वापरलेले सूत्र विरल द्रावणांचे आहे. दशांशानंतरचा तो 2 कोणत्या आधारावर छापला, हे पुस्तक सांगत नाही.

बेंझिन कर्करोगकारक असल्याने ते विद्यार्थ्यांच्या हाती देणे योग्य नाही. साहजिकच ही संख्या त्यांना कागदावरच भेटते आणि तिला आव्हान देणारे निरीक्षण त्यांच्यापाशी नसते. अशा वेळी तेच गणित दोन्ही स्थिरांकांनी सोडवून घेणे हा बिनखर्ची उपाय प्राध्यापकांच्या हाती आहे.

आणखी एक उणीव राहते. 99.2 टक्के हा बेंझोइक आम्लाचा गुणधर्म नसून एका विशिष्ट संहतीचा व तापमानाचा परिणाम आहे, हे उदाहरणात सूचितही होत नाही. पुस्तकाचेच आकडे व समतोलाचा नियम वापरल्यास तेच द्रावण दहापट विरल केल्यावर साहचर्य 97.5 टक्के, तर शंभरपट विरल केल्यावर सुमारे 92 टक्के येते.