प्रयोग पोचतो, अनुभव पोचत नाही

उच्च प्राथमिक वर्गांना विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना आज कृतींचा तुटवडा नाही. प्रयोगसंग्रह आहेत, हस्तपुस्तिका आहेत, शिक्षण परिषदेत एकमेकांना दिलेली टाचणे आहेत आणि आता मोबाइलवरून क्षणात पोचणाऱ्या चित्रफितीही आहेत. एका शाळेतली कल्पना दुसऱ्या शाळेत जावी यात गैर काहीच नाही. परंतु या देवाणघेवाणीत नेमके काय दिले जाते आणि काय मागे राहते, हे आपण फारसे तपासत नाही. सर्वांच्या परिचयाच्या दोन कृती घेऊन ते तपासू.

पहिली कृती मेणबत्तीची. ताटलीत पाणी घ्यायचे, मधोमध पेटती मेणबत्ती उभी करायची आणि वर काचेचा पेला पालथा घालायचा. थोड्या वेळाने ज्योत विझते व पेल्यात पाणी चढते. बायझँटियमच्या फिलोने या प्रयोगाचे वर्णन केले त्याला दोन हजार वर्षे उलटून गेली. कृतीबरोबर फिरणारे स्पष्टीकरण मात्र बरेच अलीकडचे आहे: पेल्यातला ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली, म्हणून हवेत ऑक्सिजन एकपंचमांश असतो हे सिद्ध झाले.

हे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्क्यांवरून सुमारे १६ टक्क्यांवर आले की मेणबत्ती विझते. म्हणजे बराचसा ऑक्सिजन पेल्यात शिल्लकच असतो. शिवाय जो खर्च होतो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मेणाच्या एका रेणूत कार्बनचे २५ व हायड्रोजनचे ५२ अणू धरले, तर तो जळताना ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे २५ रेणू बाहेर पडतात. वाफेचे पाणी झाले असे मानले तरी वायूची घट ३८ रेणूंमागे १३ रेणूंची. हिशेब केला तर पाणी शंभरात जेमतेम दोन भाग चढायला हवे. ते त्याहून पुष्कळ जास्त चढते, कारण पेला पालथा घालताना ज्योतीने तापलेली हवा प्रसरण पावून काही प्रमाणात बाहेर निसटते आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते.

हे समजायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पेल्याच्या कडेने बुडबुडे बाहेर पडतात का ते पाहावे. पाणी ज्योत जळत असताना चढते की विझल्यावर, तेही पाहावे. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावाव्यात. हवा तेवढीच असूनही पाणी अधिक चढते. सहावीच्या मुलांना हे सहज दिसते. दिसलेले बोलून दाखवण्याची मुभा मात्र त्यांना हवी.

दुसरी कृती बाटलीची. बाटलीला वर, मध्ये व खाली अशी तीन भोके पाडून पाणी भरायचे. खोलीबरोबर दाब वाढतो, म्हणून सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडते असे चित्र असंख्य पुस्तकांत आहे. बाटली टेबलावरच ठेवून हे करून पाहा. भोके पाण्याच्या उंचीच्या पाव, अर्ध्या व पाऊण भागावर असतील, तर मधली धार सर्वांत दूर पडते आणि वरची व खालची धार जवळजवळ एकाच जागी पडतात. खालच्या धारेचा वेग सर्वांत जास्त असतो हे खरे, पण टेबलावर आदळण्यापूर्वी तिला वेळ फार थोडा मिळतो. बाटली तिच्यातल्या पाण्याच्या उंचीइतक्या ठोकळ्यावर ठेवली आणि धारा टेबलावर पडू दिल्या, तर चित्र खरे ठरते. म्हणजे तत्त्व बरोबर, कृतीही बरोबर. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना गळाला तो फक्त ठोकळा.

या गळतीचे कारण शिक्षकांचा आळस नव्हे. कृती लिहिण्याचा आपला साचाच तसा आहे. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशांतील शिक्षकांसाठी १९४८ मध्ये एक छोटी पुस्तिका निघाली. तिच्यातूनच युनेस्कोचा विज्ञान-अध्यापनाचा प्रसिद्ध स्रोतग्रंथ १९५६ मध्ये तयार झाला. डबे, बाटल्या, तारा, काड्या यांतून प्रयोगशाळा उभी करता येते, हा विश्वास त्याने जगभरच्या शिक्षकांना दिला. हे ऋण मोठे आहे. परंतु साहित्य, कृती, निष्कर्ष ही जी मांडणी अशा संग्रहांतून रूढ झाली, तिच्यात ‘कोणी करून पाहिले, कितीदा जमले, कुठे बिनसले’ यांना जागा नाही. निष्कर्ष आधीच छापलेला असल्यामुळे वर्गात वेगळे काही घडले, तर शिक्षकाला वाटते की आपलेच चुकले. आणि मुलाला वाटते की डोळ्यांपेक्षा पुस्तक खरे. विज्ञानशिक्षणाची याहून मोठी हानी कोणती?

आम्हा संशोधकांनी याबाबत शहाणपण सांगावे असे आमचेही वर्तन नाही. फसलेले प्रयोग आमच्या नियतकालिकांतही क्वचितच छापून येतात. तरीही शोधनिबंधात पद्धत तपशिलाने द्यावी लागते आणि ते काम दुसऱ्याने पुन्हा करून पाहावे अशी अपेक्षा असते. शिक्षकांच्या देवाणघेवाणीत निदान इतके यावे.

ते येऊ शकते याचा दाखला आपल्या शेजारच्या राज्यात आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून सहावी ते आठवीसाठी विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती व रसूलियाचे मित्रमंडळ केंद्र या त्यामागच्या संस्था. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत पोचला आणि १९८२ पासून ‘एकलव्य’ने त्याची धुरा घेतली. त्याच्या ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत निष्कर्ष छापलेले नसत. ते मुलांनी काढायचे असत. पण माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाच्या होत्या त्या शिक्षकांच्या मासिक बैठका. तिथे शिक्षक आपल्या वर्गातल्या अडचणी मांडत, न जमलेले प्रयोग पुन्हा करून पाहत आणि त्या चर्चेचा उपयोग पुस्तके सुधारण्यासाठी होई. कृती वरून खाली येत होती आणि अनुभव खालून वर जात होता. शासनाने २००२ मध्ये हा कार्यक्रम बंद केला. बंद झाले त्यात पुस्तकांपेक्षा ही परतीची वाट अधिक मोलाची होती. पुस्तके कपाटात राहू शकतात, बैठका राहू शकत नाहीत.

आपल्याकडे केंद्रपातळीवर शिक्षण परिषदा भरतात. त्यांतला काही वेळ या कामासाठी राखून ठेवता येईल. कृती सांगणाऱ्याने चार गोष्टी जोडाव्यात: नेमके कोणते साहित्य वापरले, वर्गातल्या प्रत्येक गटाला काय मिळाले, मुलांनी कोणते प्रश्न विचारले आणि काय जमले नाही.

एक नमुना देतो. हवेतला ऑक्सिजन खरोखर मोजायचा असेल, तर ओल्या परीक्षानळीच्या आत लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात पालथी उभी करावी. लोखंड गंजताना ऑक्सिजन शोषला जातो व त्याबद्दल दुसरा वायू सुटत नाही. एकदोन दिवसांत पाणी जवळजवळ एकपंचमांश चढते. आता न जमण्याची बाजू: किसाऐवजी भांड्यांच्या घासणीचा चोथा घेतला, तर तो पुष्कळदा स्टेनलेस स्टीलचा निघतो, गंजत नाही आणि पाणी जागचे हलत नाही. कीस फार थोडा घेतला तर पाणी अर्ध्यावरच थांबते. पहिल्या दिवशीच मोजमाप केले तर आकडा कमी येतो. पाणी एरवीही थंडी-उन्हाने थोडे वरखाली होते. म्हणून शेजारी कीस न घातलेली दुसरी नळी ठेवावी.

या चार-पाच ओळी कोणत्याही सुबक चित्रफितीपेक्षा दुसऱ्या शिक्षकाच्या अधिक उपयोगी पडतील. पुढच्या परिषदेला जाताना जमलेली एक कृती न्यावी आणि तिच्याबरोबर न जमलेलीही एक न्यावी.