‘स्वयंशिक्षित’ या शब्दाआड

मराठीत ग्राफिक डिझायनर कसा घडतो, या प्रश्नाची दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. एक, कलाशाळेची पदवी हवी. दुसरे, हात उपजतच असावा लागतो, पदवीवाचून काही अडत नाही. पहिल्याला दाखला र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा, दुसऱ्याला कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचा. या दोघांची वाटचाल नीट पाहिली, तर दोन्ही उत्तरे अपुरी ठरतात, असे माझे म्हणणे आहे.

शेडगे कलाशाळेत शिकले नाहीत, हे खरे. ‘मत्स्यगंधा’, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकांची त्यांनी रेखाटलेली शीर्षके जाहिरातींच्या गर्दीतही आधी डोळ्यांत भरत. त्यामुळे त्यांच्याविषयी बोलताना ‘स्वयंशिक्षित’ हे विशेषण कौतुकाने वापरले जाते. मी स्वतः संशोधनाची पदवी नसलेला माणूस. या विशेषणाचा मोह मला कळतो, आणि त्याच्याआड काय झाकले जाते तेही कळते. शेडग्यांचे वडील अक्षरलेखनाच्याच व्यवसायात होते आणि ते स्वतः टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात नोकरीला होते. वर्तमानपत्र कोणासाठी थांबत नाही. काढलेले अक्षर लगोलग छापून समोर येते. शाई कुठे भरली, कोणती मात्रा हरवली, ते लपवता येत नाही. ही शाळाच होती. फक्त तिथे फी भरावी लागत नव्हती, उलट पगार मिळत होता.

आता जोशींचे पाहू. जे. जे.मध्ये शिकून ते १९५६मध्ये डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत लागले; पुढे १९६१ ते १९८३ उल्कामध्ये होते. आयआयटी मुंबईत अध्यापनाला जाण्याआधी पंचवीसहून अधिक वर्षे ते ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या जागेत, गिऱ्हाइकाच्या मजकुरावर काम करत होते. विंडोजमधला ‘मंगल’ फॉन्ट त्याही नंतरचा. पदवीने त्यांना दार उघडून दिले. पुढचे शिक्षण कामाने केले.

तेव्हा पदवी की प्रतिभा, हा वादच फसवा आहे. दोघांनाही मिळाली ती कामाची जागा, जिथे हातून उतरलेले अक्षर दुसऱ्या जाणत्या नजरेखालून जात असे. आज नेमकी तीच जागा आक्रसली आहे. शीर्षक रेखाटणे, ब्रोमाइड कापून चिकटवणे, मजकूर मापात बसवणे ही उमेदवारीची कामे संगणकाने घेतली. वेळ वाचला, पण त्या कामांच्या निमित्ताने ज्येष्ठांशेजारी बसणेही संपले. त्या जागी काही महिन्यांचे अभ्यासक्रम आले. तिथे सॉफ्टवेअर शिकवतात, आणि बहुतेक धडे रोमन अक्षरांवरच चालतात.

परिणाम भिंतीवरच्या कुठल्याही फलकावर तपासता येतो. रोमन अक्षरांसारखे दोन अक्षरांत अंतर वाढवले, की देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. भारतीय लिप्यांची जोडणी न कळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘दिवाळी’तली पहिली वेलांटी ‘द’च्या आधी न येता नंतर पडते. मराठीतला पाकळीचा ‘ल’ आणि हिंदीत रूढ असलेला दंडाचा ‘ल’ यांचा युनिकोड क्रमांक एकच. कोणता आकार उमटणार, हे फॉन्टवर ठरते. डिझायनरने जाणून फॉन्ट निवडला नाही, तर निवड परस्पर होऊन जाते.

दोष सॉफ्टवेअरचा, असे यावर सांगितले जाते. वेलांटीच्या बाबतीत ते अंशतः खरेही आहे. पण ती वेलांटी पाहूनही फलक छपाईला पाठवतो तो माणूसच. मराठी न वाचता मराठी मजकूर ‘बसवण्याची’ सवय कोणत्याही नव्या आवृत्तीने सुटणारी नाही.

दरवर्षी कितीतरी मुले या अभ्यासक्रमांना पैसे भरतात, आणि घरची माणसे विचारतात ते एवढेच, की नोकरी लागेल का? त्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: इथे आमच्या मुलाने केलेले मराठी काम रोज कोण वाचणार, आणि ‘हे पुन्हा कर’ असे त्याला कोण सांगणार? उत्तरादाखल एखाद्या माणसाकडे बोट दाखवता आले, तर फी भरावी. नुसत्या संगणकाकडे दाखवले, तर ते पैसे वाचवून मुलाला एखाद्या चांगल्या मुद्रकाकडे उमेदवारीला धाडावे.