कैचीचे गणित आणि वळवाचा वारा

छपराच्या कैचीचे, म्हणजे ट्रसचे, उदाहरण अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत हमखास असते. त्याचे मोठेपण मान्य करायला हवे. आडव्या बलांची बेरीज शून्य आणि उभ्या बलांची बेरीज शून्य, एवढ्याच अटींवर एकेक सांधा घेत सारी कैची सुटते. उणीव आहे ती भाराच्या बाणांत. छपराच्या बहुतेक सोप्या उदाहरणांत ते खालीच रोखलेले असतात.

समजा, कैचीचा गाळा ८ मीटर, उंची ३ मीटर आणि दोन्ही तिरप्या भुजा ५ मीटरच्या आहेत. एक टेकू पक्का, दुसरा सरकता. शिखरावर ३,००० न्यूटन भार असेल, तर प्रत्येक टेकू १,५०० न्यूटनने वर रेटतो. टेकूजवळच्या सांध्याच्या समतोलातून तिरप्या भुजेत २,५०० न्यूटन दाब आणि खालच्या आडव्या भुजेत २,००० न्यूटन ताण मिळतो. पुस्तक येथे थांबते.

आता बीड जिल्ह्यातल्या चकलांब्यासारख्या गावातले पत्र्याचे छप्पर डोळ्यांपुढे आणा. वळवाचा वारा छपरावरून वाहताना पत्रे वर ओढतो. ही ओढ शिखराशी ६,००० न्यूटन धरली, तर वजन वजा जाता ३,००० न्यूटन वरच्या दिशेने उरतात. आकडे तेच राहतात, पण तिरप्या भुजांत ताण आणि आडव्या भुजेत दाब येतो. टेकूंनाही आता कैची खाली धरून ठेवावी लागते.

'फक्त चिन्ह बदलले' म्हणून हे सोडून देता येत नाही. आडवी भुजा १२ मिलिमीटर जाडीची साध्या पोलादाची सळई असेल, तर ती सुमारे २८,००० न्यूटन ताण सोसते. तीच ८ मीटर लांब सळई, मध्ये आधार नसेल तर, ऑयलरच्या १७४४ च्या सूत्रानुसार अवघ्या ३१ न्यूटन दाबाला, म्हणजे सुमारे ३ किलो वजनाला, वाकते. येथे तर २,००० न्यूटन आहेत! समतोलाची समीकरणे बल सांगतात. भुजा ते पेलेल का, हा प्रश्न वेगळा असतो. पुस्तकाने तो निदान विचारायला हवा.

वर्गात दोन पट्ट्या शिखराशी सैल जोडून खालची टोके दोऱ्याने बांधा. शिखर दाबा, दोरा ताठ होतो. टोके धरून शिखर वर उचला, दोरा सैल पडतो. मग मुलांना विचारा, गावात पत्र्यांवर दगड का ठेवतात? ज्याला बाणाची दिशा उमगली, त्याला उत्तर सांगावे लागणार नाही.