बेल्लारीत काय जमले आणि पुढे काय सुटले

सरकारी योजनेवर टीका करणे फारसे अवघड नसते. पैसा कमी, डॉक्टर कमी, कळकळ कमी, एवढे म्हटले की काम भागते. मानसिक आरोग्याच्या बाबतीत या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आरोग्याच्या तरतुदीपैकी जेमतेम एक टक्का या कामासाठी होता आणि त्यातलाही फार मोठा वाटा बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या एका संस्थेचा होता. संसदेच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये नोंदवले की देशात लाख लोकांमागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहे, हवेत तीन. पण एवढे म्हणून थांबलो तर महत्त्वाचा प्रश्न राहूनच जातो. याहून कमी साधनांत हे काम एका अख्ख्या जिल्ह्यात करून दाखवले गेले होते. मग ते देशभर नेताना काय बिघडले?

पूर्वी मनोविकारावरचा सरकारी उपचार म्हणजे मनोरुग्णालय. आपल्या राज्यात ती चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. गडचिरोलीच्या माणसाने नागपूर गाठायचे आणि महिन्याभराने औषध संपले की पुन्हा गाठायचे. १९७५ च्या सुमारास चंडीगडच्या पीजीआय संस्थेने हरियाणातल्या रायपूर रानी येथे आणि बंगळूरच्या तज्ज्ञांनी जवळच्या साकलवाडा येथे एक साधा प्रश्न तपासायला घेतला: प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर आणि गावात फिरणारा आरोग्यसेवक यांना थोडे शिकवले, तर ते हे काम करतील का? तीव्र मनोविकार, नैराश्य आणि अपस्मार (ज्याला आपण फिट येणे म्हणतो) यांच्यापुरते तरी उत्तर ‘होय’ असे आले. त्यातूनच १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. पुढे १९८५ ते १९९० या काळात कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात, सुमारे पंधरा लाख वस्तीत, तो राबवून पाहिला गेला.

बेल्लारीत केले काय? केंद्रांवरच्या डॉक्टरांना व सेवकांना प्रशिक्षण दिले. मोजकी सहा औषधे प्रत्येक केंद्रावर ठेवली. जिल्हा रुग्णालयात तज्ज्ञांचा एक छोटा गट बसवला. इथपर्यंत सगळ्यांच्या लक्षात राहते. पण आणखी दोन गोष्टी होत्या. प्रत्येक रुग्णाची सुटसुटीत नोंद ठेवली जाई, आणि दर महिन्याला त्या नोंदी जिल्ह्याच्या गटाकडे जाऊन त्यांचा आढावा घेतला जाई. कोण आला नाही, कोणाचे औषध तुटले, हे त्यातून कळे.

या दोन गोष्टींना इतके महत्त्व का, ते औषधांचे काम कसे चालते हे पाहिले की समजते. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. घशाची कोरड, सुस्ती असे त्रास मात्र पहिल्या दोन दिवसांतच जाणवतात. म्हणजे आधी त्रास, मग गुण. अशा वेळी कोणी विचारपूस करणारे नसेल तर माणूस गोळ्या सोडणारच. बरे वाटल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात, आणि ‘आता बरा आहे, कशाला गोळ्या?’ हा प्रश्न घरात हमखास निघतो. अपस्मारात तर औषध अचानक बंद झाले की पूर्वीपेक्षा जोराच्या फिट्स येऊ शकतात. हिवतापाच्या गोळ्या देऊन मोकळे व्हावे असा हा प्रकार नाही. इथे पाठपुरावा हाच उपचाराचा मोठा भाग आहे.

१९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार जिल्ह्यांत सुरू झाला. २००२ पर्यंत जिल्हे सत्तावीस झाले. आज मंजुरी साडेसातशेहून अधिक जिल्ह्यांना आहे. प्रशिक्षण गेले, औषधांची यादी गेली, जनजागृतीचे फलक गेले. महिन्याचा आढावा मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिला. रिकामी पदे, उशिरा येणारा निधी, मध्येच खंडणारा औषधपुरवठा आणि ढिली देखरेख या गोष्टी निरनिराळ्या मूल्यमापनांत पुन्हापुन्हा आल्या आहेत. त्यातली देखरेख ही सर्वांत स्वस्त गोष्ट होती, हे विशेष.

मोजण्याची रीतही तपासून पाहावी. ‘बाह्यरुग्ण विभागात वर्षभरात हजार भेटी’ या आकड्याचा अर्थ काय? हजार माणसे एकेकदा येऊन गेली असतील, किंवा शंभर माणसे दहादहा वेळा आली असतील. पहिल्या बाबतीत बहुधा कोणाचाच उपचार पुरा झाला नसेल. आकडा तोच. हे आठवीच्या वर्गात उदाहरण म्हणून द्यावे इतके सरळ आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ (१४४१६) या दूरध्वनी सेवेचेही तेच. वीस लाखांवर फोन आले ही चांगलीच गोष्ट आहे. रात्री दोन वाजता कोणाशी तरी बोलता येणे लहान नाही. पण फोननंतर किती जण दवाखान्यात पोचले आणि टिकले, हा पुढचा आकडा आहे, आणि खरा तोच.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना आढळले. (सर्वेक्षण बारा राज्यांत झाले, महाराष्ट्र त्यांत नव्हता.)

तज्ज्ञांविना हे कसे भरून काढणार, अशी शंका निघते. तिचे उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथे २४ दवाखान्यांत झालेल्या आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून डॉक्टरांच्या जोडीला बसवले होते. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी त्यांच्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के बरे झाले; नेहमीच्या पद्धतीत ४३ टक्क्यांच्या आसपास. या समुपदेशकांवर तज्ज्ञाची सतत देखरेख होती. म्हणजे पुन्हा बेल्लारीच.

आता शाळेकडे. २०२० च्या शालेय आरोग्य योजनेत प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ‘आरोग्यदूत’ नेमायचे आहेत आणि भावनिक स्वास्थ्य हा त्यांच्या विषयांपैकी एक आहे. वरच्या सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक त्रास आढळला. चारशे मुलांच्या माध्यमिक शाळेत हा हिशेब तीसच्या घरात जातो. शिक्षकाने निदान करावे अशी अपेक्षा नाही, आणि नसावीच. एखादी मुलगी कित्येक आठवडे गप्प आहे हे त्याने हेरावे आणि घरी सांगावे, इतकेच. मग आईवडील रोजगार बुडवून तालुक्याला जातात. तिथे ‘डॉक्टर मंगळवारी येतात’ किंवा ‘गोळ्या संपल्या’ असे ऐकून परततात. पुढच्या वेळी शिक्षकाचे कोणी ऐकत नाही. शिक्षकाला शिबिरात बसवण्यापूर्वी तालुक्याला औषध आहे की नाही हे पाहिले जावे, असे मला वाटते. आज क्रम उलटा आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क ठरवला. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर जिल्ह्यातच अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा आहे. हे कलम १८ शिक्षकांनी मुळातून वाचण्यासारखे आहे. त्यातच आवश्यक औषधे मोफत व सदैव मिळतील अशीही हमी आहे, पण ती सामूहिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वर. बेल्लारीत १९८५ नंतर ती प्राथमिक केंद्रावर ठेवलेली होती. तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाला नेण्यासाठी कायद्याने दहा वर्षे दिली आहेत. कायदा २०१८ मध्ये लागू झाला, म्हणजे मुदत २०२८ पर्यंत आहे.